स्टेशनापासून चालत

बंगळूरच्या मुख्य रेल्वे स्थानकासमोर, रिक्षांच्या आणि बसच्या कोलाहलात, एक जुनी धर्मशाळा उभी आहे. तिला सगळे तोटदप्पा छत्र म्हणतात. गुब्बी तोटदप्पा हे मामूलपेठेतले व्यापारी. त्यांनी आपली मिळकत परगावाहून येणाऱ्या वाटसरूंसाठी आणि शिकायला आलेल्या मुलांसाठी लावली, आणि १९०३ मध्ये म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार यांच्या हस्ते ही वास्तू उघडली. दानधर्म पुष्कळांनी केला आहे. मला तोटदप्पांनी जागा कुठं निवडली ते थोर वाटतं. गावाबाहेर जमीन स्वस्त मिळाली असती, आवार मोठं ठेवता आलं असतं. त्यांनी आगगाडीतून उतरलेल्या माणसाला खांद्यावरच्या वळकटीसह चालत गाठता येईल अशी जागा धरली. अनोळखी शहरात रात्री उतरणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो, हे त्यांना उमगलं होतं.

हल्ली रोज रात्री, घरातली कामं आवरली की मी त्याच प्रश्नाशी बसते. शहर मात्र दुसरं आहे: जर्मनीतलं श्टुटगार्ट, जिथं आई-बाबांना घेऊन जायचं आहे.

माझे बाबा मायकोत होते. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ मध्ये सुरू झालेली, बॉशच्या तंत्रावर उभी राहिलेली. आडुगोडीच्या कारखान्यात स्पार्क प्लग आणि डिझेल इंजिनांचे इंधन पंप बनायचे, आणि त्या कारखान्याच्या पाळ्यांवर आमच्या घरच्या जेवणाच्या वेळा ठरायच्या. सत्तरच्या दशकात बाबांना प्रशिक्षणासाठी श्टुटगार्टला पाठवलं होतं. काम फॉयरबाखच्या कारखान्यात, राहणं तिथल्याच एका वसतिगृहात. फॉयरबाख हा शहराचा उत्तरेकडचा भाग. मुख्य शहर आणि तो यांच्यामध्ये टेकडी. शनिवारी संध्याकाळी बाबा आणि त्यांचे सोबती ट्रामनं शहरात जायचे, राजवाड्यासमोरच्या श्लॉसप्लात्सवर बसायचे, स्टेशनच्या मनोऱ्यावर फिरणारा तारा पाहायचे आणि शेवटच्या ट्रामनं परतायचे.

“मला ते शहर संध्याकाळचंच ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “दुकानं मिटलेली, दिवे लागलेले. सकाळी ते कसं जागं होतं, ते पाहायचं राहून गेलं. या खेपेला मधोमध राहू या.”

बाबांनी आजवर आमच्याकडे मागितलेल्या गोष्टी फार नाहीत. म्हणून ही मागणी आमच्या सगळ्या बेताच्या मुळाशी जाऊन बसली. पैसे मोजके आहेत. विमानाचं भाडं, प्रत्येकी ९० युरोंची व्हिसाची फी, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, एवढं झाल्यावर राहण्यासाठी जे उरतं त्यात शहराच्या मध्यावरची खोली बसवायची आहे. भेटेल तो सांगतो, बाहेर राहा, लोकलनं पंधरा मिनिटांत आत येता, पैसे वाचतात. सांगणाऱ्यांचं चुकत नाही. तिथल्या लोकल वक्तशीर नसल्या तरी पुष्कळ आहेत. पण तिघांची रोजची येण्या-जाण्याची तिकिटं खोलीच्या भाड्यात मिळवली की स्वस्त खोली तितकीशी स्वस्त राहत नाही. आणि खरा फरक तर पैशांत मोजता येत नाही. दुपारी पाय दुखले तर खोलीवर जाऊन तासभर आडवं होता येणं, संध्याकाळी पुन्हा उतरून चौकात येणं, रात्री गाडीची वेळ न पाहता बसून राहणं. सत्तरीपलीकडच्या माणसांना शहर भेटतं ते असं. बाहेर राहिलं की सकाळी एकदा शहरात शिरायचं आणि रात्री एकदाच निघायचं. मधला सगळा वेळ पाहुण्यानं ताटकळत काढायचा. बाबांनी ते तरुणपणी केलं आहे.

श्टुटगार्ट परातीसारखं खोलगट वसलं आहे. तळाशी स्टेशन, राजवाडा, बाजार. कडेनं टेकड्या, त्यांवर घरं, आणि काही ठिकाणी घरांच्या मधून थेट शहरात उतरणारे द्राक्षमळे. चढायला चारशेहून अधिक पायऱ्यांच्या वाटा आहेत. नकाशावर जे अंतर दोन बोटांचं दिसतं, ते तिथं गुडघ्यांना वेगळं लागतं. त्यामुळे मी नकाशा पाहताना आता उंचीच्या रेषा आधी पाहते. शहराचं युवा वसतिगृह सोयीचं आहे, स्टेशनापासून लांबही नाही, तिथं वयाची अडचणही येत नाही, पण ते चढावर आहे. आम्ही ते सोडलं. सोडताना हळहळ वाटली, कारण ही कल्पनाच मुळी जर्मनीची. रिखार्ड शिरमान नावाचा एक शाळामास्तर १९०९ च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वादळात सापडला, आणि एका रिकाम्या शाळेत सगळ्यांनी रात्र काढली. सुट्टीत ओस पडणाऱ्या शाळा पायी हिंडणाऱ्या मुलांसाठी का उघडू नयेत, हा विचार त्याला त्या रात्री सुचला. पुढे आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं वसतिगृह झालं आणि तिथून ती चाल जगभर गेली. वादळातल्या एका रात्रीची आठवण ठेवून कुणी इतक्या अनोळखी मुलांच्या डोक्यावर छप्पर घालावं, हे मला फार मोठं वाटतं.

वाटसरूची जाण त्या देशात त्याहून जुनी आहे. सुतार, गवंडी, छप्पर शाकारणारे तरुण काम शिकून झालं की आजही तिथं फिरतीवर निघतात. काळ्या कॉर्डरॉयचे कपडे, रुंद कडांची टोपी, हातात वाकडी काठी. तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव राबायचं, आणि तेवढ्या काळात आपल्या घरापासून ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही, असा दंडक. अशा पोरांना रात्री कुणीतरी थारा द्यावा लागतो. म्हणून तिथल्या गावांच्या मध्यावर, चर्चपासून हाकेच्या अंतरावर, सराया असत. बाबांच्या कंपनीचा मूळपुरुष रॉबर्ट बॉश याचा जन्मच अशा सराईत झाला. १८६१ साली, उल्मजवळच्या आल्बेक गावात; वडील ‘क्रोने’ नावाची सराई चालवत, आणि बारा भावंडांतला हा अकरावा. तरुणपणी तोही अमेरिकेत, इंग्लंडमध्ये कारखान्यांतून काम करत हिंडला आणि १८८६ मध्ये श्टुटगार्टला येऊन त्यानं आपलं छोटं वर्कशॉप थाटलं. पुढे १९०६ मध्ये त्यानं कारखान्यात आठ तासांचा दिवस आणला. हे आठ तासांचं बाबांना पूर्वीपासून ठाऊक होतं. सराईचं ऐकून मात्र ते बराच वेळ खूश होते.

मग तारखांचा घोळ सुरू झाला. जर्मन शहरात खोलीचा दर शहराच्या कॅलेंडरवर चढतो-उतरतो. फ्रँकफर्टला ऑक्टोबरात पुस्तकांचा मेळावा भरला की भाडी चढतात. म्युनिकला सप्टेंबरअखेर बिअरची जत्रा लागली की तीच गत. श्टुटगार्टला त्याच सुमारास कानश्टाटची जत्रा भरते. तिची कूळकथा मला आतवर लागली. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची राख आकाशभर पसरली आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं शेतात कुजली, व्युर्टेम्बर्गच्या लोकांनी उपास काढले, हजारोंनी देश सोडला. दोन वर्षांनी पिकं पुन्हा हाती आल्यावर राजा विल्हेल्म आणि राणी काटारिना यांनी १८१८ मध्ये नेकार नदीकाठी शेतकऱ्यांची जत्रा भरवली, ती आजतागायत चालू आहे. धान्य, फळं आणि भाज्यांनी मढवलेला एक उंच खांब अजून तिथं उभारतात. भूक सोसलेल्या लोकांनी अन्न आलं म्हणून केलेला हा उत्सव पाहायला मला आवडलं असतं. पण त्या दिवसांत मध्यावरच्या साध्या खोलीचाही दर आमच्या आवाक्याबाहेर जातो. जत्रेच्या आधी, सप्टेंबरच्या मध्याला जावं असं मी सुचवलं, तर आईनं मान हलवली. यंदा गणपती त्याच दिवसांत. तिच्या घरात गणपतीला दार बंद राहिलेलं नाही आणि राहणार नाही. जून ठरला. जूनमध्ये तिथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि बाबांना हवी असलेली सकाळ पाच-साडेपाचलाच सुरू होते.

व्हिसाच्या कागदांत राहण्याची सोय दाखवावी लागते, म्हणून खोली आधी धरायची आणि रद्द करता येईल अशीच धरायची. तसल्या खोलीला थोडे जास्त पडतात. ते मी आनंदानं मोजले. खोलीत काय असेल ते आई विचारत राहते आणि मी एकेक कळवत राहते. पंखा नसतो, स्वस्त खोलीत वातानुकूलनही बहुधा नसतं. खिडकी वरून आत कलते, तेवढ्या फटीतून हवा घ्यायची. पलंग दोघांचा असला तरी गाद्या दोन, मधे सांधा, आणि पांघरुणंही दोन. नळाचं पाणी बेलाशक प्यायचं. बाटलीबंद घेतलं तर बाटलीचे २५ सेंट अनामत म्हणून जातात. बाटली दुकानातल्या यंत्रात परत घातली की ते मिळतात. खोलीत शिजवायची परवानगी नाही, चहाची किटली असेलच असं नाही. आईनं मेतकूट, भाजणीचा चिवडा आणि गूळपोळ्या काढून ठेवल्या आहेत; एक छोटी विजेची किटली घ्यायची की नाही, यावर अजून एकमत झालेलं नाही. रविवारी दुकानं बंद, पण मोठ्या स्टेशनातली उघडी; मध्यावर राहण्याच्या बाजूनं हे आणखी एक कारण. न्याहारी वेगळी धरली तर माणशी दहा-पंधरा युरो पडतात. बेकरीत ताजा पाव घ्यावा, फळबाजारातून चेरी घ्याव्यात आणि बाकावर बसून खावं, असं आमचं ठरलं. बाकावर बसून खाणं मला सगळ्या बेतातलं सर्वांत सुंदर कलम वाटतं.

खोली कुठली, यात मी बरीच अडून बसले. स्टेशनच्या अगदी दाराशी सध्या खोदकाम आहे. जुनं टर्मिनस जमिनीखाली नेण्याचं काम २०१० पासून चालू आहे. पाउल बोनात्स या वास्तुकारानं बांधलेल्या इमारतीचे दोन्ही बाजूंचे लांब पंख त्यासाठी पाडले. बाबांनी ते चित्र पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मनोरा राहिला आहे, असं मी त्यांना सांगितलं. स्टेशनावरून सुरू होणारा क्योनिगश्ट्रासे हा सपाट, वाहनं नसलेला रस्ता थेट बाजारपेठेतून जातो. त्याच्या पलीकडच्या टोकाला, थोडं डावीकडे, बोनेनफिअर्टेल नावाची जुनी वस्ती आहे. मध्ययुगात ती शहराच्या तटाबाहेर होती. गरीब कारागीर, द्राक्षमळ्यांत राबणारी माणसं तिथं राहत, घराच्या भिंतींवर घेवड्याचे वेल चढवत, शेंगा वाळवत. आज ती वस्ती शहराच्या पोटात आली आहे आणि तिथल्या छोट्या गल्ल्या महाग झाल्या आहेत. आपल्याकडेही असंच झालं. मॅजेस्टिकचं बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या तळावर उभं आहे. गावाच्या कडेचं पाणी आज गावाचा मध्य आहे. त्या मॅजेस्टिकच्या आजूबाजूला, चिक्कपेठेपर्यंत, चोवीस तास दार उघडं ठेवणारे लॉज आहेत. सकाळी सहा ते नऊ गरम पाणी, जिन्यात अगरबत्तीचा वास, काउंटरवर जाड रजिस्टर. हुबळीचा कापड व्यापारी, सोलापूरहून परीक्षेला आलेली मुलगी, इस्पितळात नातलगाला आणलेलं कुटुंब, सगळी तिथं उतरतात. ते लॉज आहेत म्हणून बंगळूर या माणसांचंही आहे. एकेक लॉज पाडून काचेची इमारत उभी राहते तेव्हा मला वाईट वाटतं, आणि ते जाहीरपणे म्हणायला हवं असंही वाटतं. श्रीमंताला कुठलंही शहर जागा देतं. थोडे पैसे घेऊन आलेल्याला आपल्या मध्यात झोपू देणारं शहर मला आवडतं, मग ते कुठल्याही देशातलं असो.

आपल्या माणसांनी हे फार वरच्या पातळीवर नेऊन दाखवलं आहे. तंजावरच्या मराठे राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी ओरत्तनाडूला उभारलेलं मुक्तांबाळ छत्र अजून आहे. १७९९ च्या तहानं राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा त्यांना धास्ती पडली की ही छत्रं आता कोण चालवणार. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट टॉरिन याला पत्र लिहिलं आणि छत्रांत काय काय होतं ते कळकळीनं मांडलं. येईल त्याला, कुठल्याही जातीचा असो, भात. शिजवलेलं नको असेल त्याला कोरडा शिधा. आजाऱ्याला वैद्य आणि औषध, लेकरांना दूध. वाटेत मेलेल्या परक्याचं पोर पोरकं झालं तर त्याला छत्रातच वाढवायचं, शिकवायचं. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करायचा, की कुणी उपाशी राहिला असेल तर त्यानं यावं. राज्य गेल्यावरही छत्रांची घंटा वाजत राहावी म्हणून एक राजा परक्या सत्तेपुढे शब्द खर्च करतो, याहून मोठं राजेपण मला ठाऊक नाही.

या सरफोजींना लहानपणी सांभाळलं, शिकवलं ते क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्त्स या जर्मन पाद्र्यानं. तो हाल गावच्या विद्यापीठात शिकला, तमिळची तोंडओळखही त्याला तिथंच झाली, आणि १७५० मध्ये तो या किनाऱ्यावर उतरला तो परत गेलाच नाही. १७९८ मध्ये तंजावरला वारला. सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करून घेतलं. मृत्युशय्येवरचा श्वार्त्स आणि त्याचा हात हातात घेतलेला तरुण राजा. एका परक्याला इथं घर मिळालं, आणि त्यानं वाढवलेल्या मुलानं हजारो परक्यांना घर दिलं. जर्मनीतली खोली शोधताना हे दोघं माझ्या मनातून हलत नाहीत.

आईचं जर्मनीशी वेगळं नातं आहे. ती धारवाडची, किट्टेल कॉलेजात शिकलेली. घरात मराठी आणि बाहेर कन्नड, अशा दोन्हींवर तिचा जीव. फर्डिनांड किट्टेल यांचा कन्नड–इंग्रजी कोश १८९४ मध्ये निघाला, सुमारे ७०,००० शब्दांचा. त्यांचा पुतळा आमच्या बंगळुरात महात्मा गांधी रस्त्याला आहे. त्यांची अखेरची वर्षं ट्यूबिंगेनला गेली, १९०३ मध्ये ते तिथंच वारले. ट्यूबिंगेन श्टुटगार्टहून आगगाडीनं तासाभरावर. “तुझ्या बाबांचा कारखाना एक दिवस, माझे किट्टेल एक दिवस,” आई म्हणाली, आणि ते रास्तच होतं. स्टेशनापासून चालत खोली असली की असा दिवस सकाळी न्याहारी करता करताही ठरवता येतो.

शेवटी बोनेनफिअर्टेलच्या कडेला, एका लहान घरगुती हॉटेलात तिघांची खोली मिळाली. पहिला मजला, आणि लिफ्ट आहे. खिडकी रस्त्याकडे नको, मागच्या चौकाकडे द्या, अशी विनंती मी केली, ती मानली गेली. आमचं विमान रात्री निघून सकाळी फ्रँकफर्टला उतरतं, तिथल्या विमानतळावरच्या स्टेशनातून गाडी धरली की सव्वा तासात श्टुटगार्ट. खोली मात्र दुपारी तीनला मिळते. तोवर सामान ठेवता येईल का, असं विचारलं. उत्तर आलं की येईल, आणि खोली आधी झाली तर आधी देऊ. सामान ठेवून आधी १९१४ च्या जुन्या मंडईत जायचं. तिथं मसाल्यांचीही दुकानं आहेत हे वाचल्यापासून आई उत्सुक आहे.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, “लहान हॉटेलं रात्री दार लावून घेतात. पहाटे पाचला बाहेर पडायचं झालं तर काय करायचं, ते विचारून घे.” विचारलं. दाराची किल्ली पाहुण्यांकडेच असते, वाटेल तेव्हा या-जा करा, असं कळवलं त्यांनी. मग आईनं आणखी एक प्रश्न घालायला लावला: इतक्या पहाटे चहा कुठं मिळेल? त्यावरही उत्तर आलं आहे. स्टेशनातल्या बेकऱ्या तोवर उघडलेल्या असतात, चहा-कॉफी दोन्ही मिळतं, चालत पंधरा-वीस मिनिटं.